व्यसनमुक्तीनंतरचा मुक्काम

व्यसनमुक्ती केंद्रातील उपचार पूर्ण झाले की रुग्णाच्या हाती औषधांची चिठ्ठी आणि पुढील तपासणीची तारीख दिली जाते. त्यानंतर तो राहणार कोठे, याची नोंद मात्र क्वचितच होते. ज्या खोलीत बाटली लपवलेली असे, ज्या नाक्यावर पुडी मिळत असे, तेथेच तो परततो. काहींसाठी तर घराचे दार कधीचेच बंद झालेले असते.

हा काळ वैद्यकीयदृष्ट्याही धोक्याचा आहे. शरीरातून मादक पदार्थ निघून जाण्यास काही दिवस पुरतात. ओढ शमण्यास महिने, कधी वर्षे लागतात. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत तर धोका जिवावरचा असतो. काही आठवडे पदार्थ न घेतल्याने शरीराची सहनशक्ती घटलेली असते. अशा वेळी मोह अनावर होऊन पूर्वीइतकीच मात्रा घेतली गेली, तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो.

उपचार आणि स्वतंत्र संसार यांच्या मधल्या या काळासाठी जी निवासव्यवस्था असते, तिला इंग्रजीत ‘हाफवे होम’ म्हणतात. मराठीत ‘संक्रमण निवास’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे. पण मुंबईत ‘संक्रमण शिबिर’ म्हटले की मोडकळीस आलेल्या इमारतींतून हलवलेली आणि वर्षानुवर्षे तेथेच अडकलेली कुटुंबे आठवतात. येथे तसा अर्थ अभिप्रेत नाही.

अशा निवासांचा सर्वाधिक अभ्यासलेला नमुना अमेरिकेतील आहे. मेरिलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे व्यसनातून सावरणाऱ्या पुरुषांसाठी स्थानिक प्रशासनाचे एक घर होते. 1975 मध्ये पैशांअभावी ते बंद करण्याचे ठरले. तेव्हा पॉल मोलॉय आणि त्यांच्या सहनिवाशांनी तेच घर स्वतः भाड्याने घेतले. ‘ऑक्सफर्ड हाउस’ या नावाने ही पद्धत पुढे देशभर पसरली.

तिचे नियम थोडके आहेत. घराचा कारभार रहिवासी मतदानाने चालवतात, भाडे आणि घरखर्च सारखा वाटून घेतात आणि जो पुन्हा दारू किंवा मादक पदार्थ घेईल त्याला घर सोडावे लागते. घरात पगारी व्यवस्थापक नसतो, डॉक्टर नसतो, रात्रीचा पहारेकरीही नसतो. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदे सहा महिन्यांसाठी असतात. नव्या व्यक्तीला प्रवेश द्यायचा तर रहिवाशांपैकी किमान 80 टक्क्यांची संमती लागते. राहण्यास मात्र मुदत नाही, आणि हाच या पद्धतीचा गाभा म्हणावा लागेल. पूर्वीच्या सरकारी घरातून ठराविक काळानंतर निघावे लागे. माणसाची तयारी झाली आहे की नाही, हे दिनदर्शिकेवरून ठरत असे.

स्वावलंबनाच्या या गोष्टीत सरकारचा वाटा अगदीच नगण्य नाही. 1988 च्या अमेरिकी कायद्यानुसार राज्यांनी अशा घरांसाठी फिरता निधी उभारला. त्यातून एका गटास 4000 डॉलरपर्यंत कर्ज मिळे आणि ते दोन वर्षांत हप्त्यांनी फेडावे लागे. पहिले भाडे आणि अनामत रक्कम यांचीच मुख्य अडचण होती व तेवढी भागली की बाकीचा खर्च रहिवासी कमाईतून करीत. आज अशा घरांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे.

परिणाम मोजलेही गेले आहेत. इलिनॉय राज्यात उपचार संपवून बाहेर पडणाऱ्या 150 जणांपैकी निम्म्यांना अशा घरांत, तर उर्वरितांना नेहमीच्या पाठपुराव्यावर ठेवण्यात आले. निवड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक होती. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन वर्षांनी घरांतील गटात 31 टक्के आणि दुसऱ्या गटात 65 टक्के लोक पुन्हा मादक पदार्थ घेत असल्याचे आढळले. पहिल्या गटाची मासिक कमाई दुपटीहून अधिक होती.

विरोध झाला तो शेजाऱ्यांचा आणि नगरपालिकांचा. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स शहराने, नातेसंबंध नसलेल्या पाचांहून अधिक व्यक्तींना एका घरात राहता येणार नाही, या नियमावर बोट ठेवले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. असा नियम घरांबाबतच्या भेदभावविरोधी कायद्यातून आपोआप सुटत नाही, असा निर्णय 1995 मध्ये न्यायालयाने दिला.

भारतात कायद्याची अडचण नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितीचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. सरकारने पुरवावयाच्या सेवांमध्ये हाफवे होम आणि आधारयुक्त निवास यांचा स्पष्ट उल्लेखही आहे. कायद्यातील शब्द आणि प्रत्यक्ष खाटा यांत मात्र मोठे अंतर आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कोणत्याही स्वरूपाची मदत मिळते, आणि 180 पैकी एकालाच दाखल होऊन उपचार घेता येतात. जेथे उपचारांचीच ही स्थिती, तेथे उपचारानंतरच्या निवासाकडे लक्ष जाणे कठीण.

ती जागा आजवर कुटुंबाने भरून काढली आहे, बहुधा पत्नीने किंवा आईने. ज्यांचे कुटुंब तुटले आहे, किंवा ज्यांच्या घरातच दारू चालते, त्यांना हा आधार नाही. व्यसनातून सावरणाऱ्या स्त्रीची अडचण आणखी मोठी, कारण अनेकदा तिला घर पुन्हा स्वीकारत नाही.

अमेरिकेतील नमुना जसाच्या तसा येथे रुजेल असे नाही. भाड्याची वाटणी नियमित रोजगारावर उभी आहे, आणि उपचार नुकतेच संपलेल्या माणसाला काम मिळणे सोपे नसते. एकट्या पुरुषांना खोली देतानाही अनेक घरमालक का-कू करतात; मग व्यसनातून उठलेल्या सहा-आठ जणांना करार करून कोण देणार? मेरिलँडच्या पद्धतीत करार कोणा एका रहिवाशाच्या नावे नसतो. तो घराच्या नावे असतो, त्यामुळे एक जण निघून गेला तरी उरलेल्यांच्या डोक्यावरचे छप्पर जात नाही.