छोट्या ट्रॅक्टरची टकटक

माढा तालुक्यात उजनीचे पाणी आले, ऊस वाढला, द्राक्ष-डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. बागेच्या ओळीत मोठा ट्रॅक्टर मावत नाही, म्हणून छोटा घेतात. ऐन फवारणीत त्याच्या इंजिनातून शिलाई मशीनसारखी टकटक येऊ लागली की घरधनी धास्तावतो.

आधी पट्टी ओढून ऑईल पाहावे. ते कमी झाले, पातळ झाले तरी व्हॉल्व्ह वाजतात. ऑईल ठीक असेल, तर लांब पेचकसाचे टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवून मूठ कानाला लावावी. वरून बारीक, एकसारखी टकटक येते ती बहुधा टॅपेटची. खालून जड ठोका येत असेल, तर इंजिन तिथेच बंद करून मिस्त्री गाठावा.

टॅपेट गार इंजिनावर बसवावे. स्टॉपची दांडी ओढून इंजिन हाताने फिरवावे. इनलेट व्हॉल्व्ह दाबला जाऊन वर आला, की फ्लायव्हीलची खूण जुळेपर्यंत पुढे न्यावे. आता त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. चेकनट सैल करून रॉकर व व्हॉल्व्हच्या मध्ये फिलर गेजची पाती घालावी. ती किंचित अडकत सरकली पाहिजे. माप इंजिनाच्या पुस्तकातलेच घ्यावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून पुन्हा मोजावे.

आवाज अजिबात नको म्हणून काहीजण टॅपेट घट्टच करून टाकतात. मग इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि व्हॉल्व्ह जळतो. थोडी टकटक परवडली! माप बरोबर असूनही ती वाढत असेल, तर रॉकरचा बुश झिजला की पुश रॉड वाकला, ते मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.