आईच्या माथी

ऑटिझमचं निदान झालेल्या मुलाच्या आईला नातेवाईक हमखास विचारतात, "लहानपणी फार मोबाइल दिला होतास का गं?" प्रश्न नवा वाटतो, पण त्याचं मूळ जुनं आहे, आणि ते रुजवण्यात डॉक्टरांचाही हात आहे.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोरहून ऑटिझम असलेल्या ११ मुलांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपीचा डोनल्ड. त्याच्या वकील वडिलांनी मुलाबद्दल ३३ पानं टंकलिखित करून पाठवली होती. अशा नोंदींमुळेच कॅनर यांना एवढ्या बारकाव्यांनिशी लिहिता आलं. पण त्याच निबंधात त्यांनी आईबापांच्या या सविस्तर टिपणांना त्यांच्या अतिकाटेकोर स्वभावाचा पुरावा ठरवलं! हे व्यंग जन्मजात असावं, असंही त्यांनी शेवटी लिहिलं होतं. पुढच्या पिढीने मात्र उचललं ते त्यांनी नोंदवलेलं आईबापांचं थंडपण. १९६७ साली शिकागोचे मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम यांनी या मुलांची तुलना नाझी छळछावणीतल्या कैद्यांशी केली. मग घरातली पहारेकरी कोण, हे वेगळं सांगायला नको.

आईबापांवरच्या या आरोपाला पहिलं भक्कम उत्तर त्याआधीच दिलं होतं अशाच एका मुलाच्या बापाने. अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४च्या पुस्तकात या स्थितीचं मूळ मेंदूत असल्याचं मांडलं. १९७७ साली फोलस्टीन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चारांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगळ्या जुळ्यांच्या दहापैकी एकाही जोडीत तसं नव्हतं. नमुना लहान होता, पण संशोधनाचा रोख आईच्या मायेवरून आनुवंशिकतेकडे वळला.

संशोधन वळलं, तरी लोकांची नजर वळली का? आता गोव्याकडे येऊ. तिथल्या 'संगत' संस्थेच्या गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या ऑटिझम असलेल्या मुलांच्या कुटुंबांशी सविस्तर बोलून २०१२ साली जे मांडलं, ते ओळखीचं वाटेल. लोकांच्या नजरा आणि टोमणे सोसून ही कुटुंबं आधी चार माणसांत जाणं सोडतात. पुढे काही जण हळूहळू परततात. शिक्षक आणि डॉक्टरांनाही पुरेशी माहिती नसते.

मग उपाय घरापर्यंत न्यायचा ठरला. पालकांमार्फत मुलाशी संवाद वाढवण्याची एक मूळची ब्रिटिश पद्धत गोवा आणि रावळपिंडीत ६५ मुलांच्या चाचणीत अजमावली गेली. शिकवायला तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते. आई आणि मूल खेळतात, त्याचं चित्रण होतं. समजा, मूल गाडी उलटी करून चाक फिरवत बसलंय आणि आई विचारतेय, "रंग कुठला? गाडी कसा आवाज करते? सांग ना!" मूल ढिम्म. नंतर आई आणि कार्यकर्ती ते चित्रण बघतात. कार्यकर्ती चूक दाखवत नाही. मुलाने कधी मान वळवली, तेवढं आईला शोधायला लावते. पुढच्या खेळात आई प्रश्न बंद करते आणि चाकासोबत नुसतं "गरगर" म्हणते.

निष्कर्ष २०१६ साली आले. मुलांच्या कलाने प्रतिसाद देणं पालकांना जमू लागलं, मुलं आपणहून संवाद जास्त वेळा सुरू करू लागली. मात्र पालक आणि मूल या दोघांचं लक्ष एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ, अपेक्षेच्या उलट, घटला. संशोधकांनी तेही छापलं. ऑटिझम 'बरा' करण्याच्या जाहिराती देणाऱ्यांकडे असा प्रामाणिकपणा शोधून सापडत नाही.

तरीही एक गोष्ट खटकते. दोष आईच्या माथ्यावरून उतरला, पण काम तिथेच राहिलं. थेरपीच्या फेऱ्या, घरचा सराव, शाळेशी हुज्जत हे सगळं बहुतेक घरांत तीच निस्तरते, आणि नोकरीही बहुधा तिचीच सुटते. कार्यकर्ती महिन्यातून एकदोनदा येणार. उरलेल्या दिवसांत बाप, आजी-आजोबा, काका-मावशी कुठे असतात?

तुमच्या नात्यात असं मूल असेल, तर मोबाइलची चौकशी सोडा. रविवारचे दोन तास त्याच्यासोबत बसा, आणि घरातल्या पुढच्या लग्नाचं बोलावणं त्याच्या नावानिशी करा.