मनाचा पालट : मराठी ख्रिस्ती जीवनातील एक दीर्घ साधना

जगाच्या साच्यात स्वतःला बसवू नका, मन नवे करून घ्या, असे प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला कळवळून लिहिले. शुभवर्तमानात आपण ज्याला ‘पश्चात्ताप’ म्हणतो, त्यामागचा ग्रीक शब्द आहे ‘मेटानोइया’. त्याचा मूळ अर्थ मतीचा पालट. झाल्या चुकीची हळहळ हा त्यातला एक लहानसा भाग. हा पालट किती सावकाश घडतो, हे आपल्याच पूर्वसूरींच्या चरित्रांत लख्ख दिसते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षे लागली, अशी प्रांजळ साक्ष त्यांनी पुढे दिली. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या विदुषीने हे कबूल करावे, यातच तिच्या मनाचे नवेपण आहे. बुद्धीला पटलेले अंतःकरणात उतरले, तेव्हा ते कामातही उतरले. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुलींना त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनने आसरा दिला. 1905 मध्ये तिथे प्रार्थनेचे मोठे जागरण झाले. रमाबाई मात्र त्या भरात थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून, 1922 मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतरात गढलेल्या होत्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनीही त्यांचे मन नवी वाट शोधत होते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाटचाल. नवऱ्याच्या धर्मांतराने त्या कोसळल्या. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच झुंजल्या आणि उत्तर सापडल्यावर सर्वांच्या हातचे खाऊ-पिऊ लागल्या. 1900 मधला बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे पाण्याच्या विधीआधी मनातली भिंत पडली होती. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, ते या अल्पशिक्षित बाईंनीच पूर्णत्वास नेले.

या चरित्रांतून एक कसोटी हाती येते. नवे झालेले मन प्रार्थनेच्या आवेशावरून ओळखता येत नाही. ते पंक्तीत, पाणवठ्यावर, सोयरिकीच्या बैठकीत ओळखू येते. आजही आपल्यातल्या काही घरांत स्थळ पाहताना पूर्वजांची जात हळूच विचारली जाते. तिथे पौलाचे पत्र अजून उघडलेलेच नाही, असे मी म्हणेन. येत्या नाताळात घराला रंग देण्याआधी प्रत्येकाने लक्ष्मीबाईंचा तो प्रश्न स्वतःला विचारावा आणि उत्तर मिळाले की तसे वागायला लागावे.