झुरळ न मारणारे हात

चातुर्मास सुरू झाला की आपल्या घरांतील स्वयंपाकघरे किती दक्ष होतात, हे निराळे सांगावयास नको. पाणी गाळून घेतले जाते, पालेभाज्या बंद होतात, धान्य दोनदा निवडले जाते. नेमक्या याच दिवसांत जपानविषयी वाचताना एक तपशील माझ्यासमोर आला, आणि त्यानंतर कित्येक दिवस मन स्वस्थ झाले नाही. ओम शिनरिक्यो या पंथाच्या आश्रमांत झुरळे मारीत नसत. प्राणिहत्या निषिद्ध, हा तेथील साधकांचा नियम होता आणि तो ते मनापासून पाळीत. त्या इमारतींत झुरळांचा आणि उंदरांचा सुळसुळाट असे, तरी कोणी हात उचलीत नसे.

याच पंथाच्या पाच साधकांनी 20 मार्च 1995 रोजी सकाळी, लोक कामावर निघण्याच्या वेळी, टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांमध्ये सरीन या विषाच्या पिशव्या ठेवल्या आणि टोकदार केलेल्या छत्र्यांनी त्या फोडल्या. 14 जण दगावले. त्यांतील एक स्त्री तर 25 वर्षे अंथरुणाला खिळून राहून 2020 साली वारली. बाधितांची संख्या सुमारे सहा हजार होती.

हे पाचजण अडाणी नव्हते, गुंड नव्हते, भुकेकंगालही नव्हते. चौघे पदार्थविज्ञान वा तत्सम विद्या शिकलेले, आणि एक हृदयशल्यविशारद. मग असे झाले कसे? ‘माथी भडकवली’ हे आपले नेहमीचे उत्तर येथे पुरत नाही. माथे भडकण्याच्या पुष्कळ आधी काळजात काहीतरी घडलेले असते.

त्यांच्यातील केनइची हिरोसे याची हकीकत व्यापारी घरातील माणसाने अवश्य ऐकावी अशी आहे. वासेदा विद्यापीठातील हा अत्यंत हुशार विद्यार्थी. अतिवाहकता हा त्याच्या संशोधनाचा विषय. पुढे तुरुंगातून त्याने विद्यार्थ्यांसाठी एक दीर्घ पत्र लिहिले, त्यात आपल्या अधःपाताचा आरंभ त्याने कोठे सांगितला असेल? विजेच्या उपकरणांच्या एका दुकानात! शाळेच्या अखेरच्या वर्षात असताना, किंमत उतरवून विक्रीस काढलेला माल त्याच्या दृष्टीस पडला. काल ज्याला इतके मोल होते, ते आज कवडीमोल. त्या क्षणी सगळेच पोकळ आहे अशी एक विलक्षण शून्यता त्याच्या मनात शिरली आणि ती गेली नाही. विज्ञानात त्याने उत्तर शोधले, मिळाले नाही. 1988 साली असाहाराची पुस्तके हाती पडली. काही दिवसांतच रात्री शरीरात स्फोट व्हावा तसा अनुभव आला. त्याला वाटले, पुस्तकात वर्णिलेली कुंडलिनी ती हीच. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रयोगशाळेत एका प्रयोगावर विश्वास न ठेवणाऱ्या या तरुणाने स्वतःच्या शरीराची एक थरथर मात्र अंतिम पुरावा मानली. ज्याला उत्तराची तहान अनावर झाली आहे, तो पाणी गाळून पीत नाही.

मी कापडाचा व्यापारी. पावसाळी सेलचा फलक गेली तीस वर्षे मी स्वतःच्या हाताने लावत आलो आहे. त्या फलकासमोर उभे राहून एखाद्या मुलाला संसार निरर्थक वाटू शकेल, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

दुसरा इकुओ हायाशी. हा त्या वेळी 48 वर्षांचा, केइओ विद्यापीठातून वैद्यक शिकलेला, अमेरिकेतही काम केलेला नामांकित डॉक्टर. शस्त्रक्रिया उत्तम करूनही रोगी मरतात, आणि मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला देण्यासाठी आपल्यापाशी शब्द नाहीत, ही त्याची वेदना होती. ती खोटी नव्हती, क्षुद्र तर नव्हतीच. 1990 साली नोकरी सोडून तो कुटुंबासह ओममध्ये दाखल झाला. तेथे त्याच्या हाताला जे काम मिळाले ते ऐकून थरकाप होतो : शंका घेणाऱ्या साधकांची स्मृती पुसण्यासाठी त्यांना विजेचे झटके देणे. रेल्वेच्या डब्यात बसल्यावर समोरच्या स्त्रीकडे पाहून त्याचे मन डगमगले होते, आपण डॉक्टर आहोत हे त्याला आठवले होते, असे त्याने पुढे सांगितले. तरीही त्याने छत्री टोचली. करुणेची जागा त्या वेळी आज्ञेने घेतली होती.

आणि आज्ञा देणारा? शोको असाहारा, मूळ नाव चिझुओ मात्सुमोतो. चटया विणणाऱ्या गरीब घरातील मुलगा, एका डोळ्याने आंधळा आणि दुसऱ्याने अधू. सहाव्या वर्षी त्याला घरापासून दूर अंधांच्या निवासी शाळेत ठेवले गेले. थोडेफार दिसत असल्यामुळे पूर्ण अंध मुलांवर तो सत्ता गाजवी. पुढे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा हुकली. औषधांच्या धंद्यात खोटी औषधे विकल्याबद्दल 1982 साली अटक झाली. त्यानंतर योगवर्ग, हिमालयाची वारी, आणि तेथे आपल्याला अंतिम मुक्ती लाभल्याचा दावा. घरातून दूर केले गेल्याचा सल आणि आंधळ्यांत डोळस असल्याचा अहंकार, या दोन्ही गोष्टी त्याच्यात लहानपणापासूनच शेजारी-शेजारी वाढल्या. तरी दुःखी बालपणातून प्रत्येक वेळी असाहारा निघत नाही, एवढेही येथेच म्हणून ठेवतो. नाहीतर आपण गुन्ह्याला सबब पुरवू.

पहिला मृत्यू हत्या नव्हता. 1988 साली आश्रमात बेभान झालेल्या एका अनुयायाला थंड पाण्यात बुडवण्याचा ‘उपचार’ झाला आणि तो मरण पावला. पंथाला तेव्हा धार्मिक संस्था म्हणून सरकारी मान्यता हवी होती. नाव जाईल या भयाने प्रेत गुपचूप जाळण्यात आले. जो साधक हे जाणत होता आणि बाहेर पडू इच्छीत होता, त्याला पुढील वर्षी ठार मारले. खतावणीत एक खोटी नोंद घातली की ती जुळवण्यासाठी दुसरी घालावी लागते, हे आपल्यातल्या मुनीमांना कोणी शिकवावे लागत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात साकामोतो नावाचे वकील, त्यांची पत्नी आणि चौदा महिन्यांचा मुलगा यांची घरात शिरून हत्या झाली. त्यांचा अपराध एवढाच की ओममध्ये गेलेल्या मुलांच्या आईबापांची बाजू ते मांडत होते. 1990 साली असाहाराने स्वतःसह 25 उमेदवार निवडणुकीत उभे केले. सारे पडले, त्याला स्वतःला दोन हजार मतेही मिळाली नाहीत. अपमानाची ती जखम मग ‘जगच नष्ट होणार’ या भविष्यवाणीत चिघळत गेली.

हत्येला धर्माचे वस्त्र नेसवणे एवढेच उरले होते. तिबेटी परंपरेत मृत्यूसमयी चित्ताला ऊर्ध्व गती देण्याचा एक विधी आहे. ओममध्ये त्याला ‘पोआ’ म्हणत. असाहाराने त्याचा अर्थच फिरवला : पापकर्मे साठवत चाललेल्या माणसाला मारणे म्हणजे त्याच्यावर उपकार! झुरळाला न मारणारा हात माणसावर कसा उठला, त्याचे रहस्य या एका वाक्यात आहे. झुरळावर कोणाला उपकार करायचे नव्हते.

आपल्या परंपरेत कर्माची निर्जरा ज्याची त्यालाच करावी लागते. दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब चुकता करण्याचा अधिकार तीर्थंकरांनीही स्वतःकडे घेतला नाही. हा भेद मोठा आहे. पण तो सांगून हात झटकणे मला जमत नाही. कारण सर्वसंगपरित्याग आपणही वंद्य मानतो. ओमच्या साधकांनीही घर, पैसा, नाती सोडली होती. फरक कोठे शोधावा? आपल्याकडे दीक्षार्थी घरच्यांची अनुमती मागतो. आईबाप रडतात, आप्त समजूत घालतात, संघ वर्षानुवर्षे पारखतो, आणि मग भर दिवसा, सर्वांच्या देखत वरघोडा निघतो. ओममध्ये जाणारा सारी मालमत्ता पंथाच्या नावे करून नाहीसा होई. दारात आलेल्या आईला तो भेटतही नसे. ज्या त्यागाला आईचे रडणेही ऐकू येऊ द्यायचे नाही, त्याची मला भीती वाटते.

हारुकी मुराकामी या कादंबरीकाराने आधी या हल्ल्यातील पीडितांच्या आणि नंतर ओमच्या सामान्य अनुयायांच्या मुलाखती घेतल्या. त्या वाचताना वारंवार एकच प्रकारचे घर समोर येते. खायला-प्यायला कमी नाही, भांडण नाही, मारहाण नाही. मात्र मुलाने ‘मरण म्हणजे काय’ असे विचारले की वडील वर्तमानपत्र उलटतात.

असाहारा आणि हिरोसे यांच्यासह 13 जणांना जुलै 2018 मध्ये फाशी देण्यात आली. हायाशीने आपण होऊन कबुली दिल्यामुळे त्याला जन्मठेप झाली. त्याच्या गाडीत सापडलेले ते ओले पुडके कासुमिगासेकी स्थानकावरच्या कर्मचाऱ्यांनी हाताने उचलले होते, जमीन पुसून घेतली होती.  त्या स्थानकावरचे दोन कर्मचारी वाचले नाहीत.

गेल्या दिवाळीत वहीपूजनाच्या आदल्या रात्री माल मोजत असताना माझा पुतण्या मध्येच थांबला आणि म्हणाला, “काका, हे सगळे कशासाठी?” मी हसलो. म्हटले, “आधी ती वरची फळी मोजून घे.” त्याने मोजली. त्यानंतर त्याने मला पुन्हा काही विचारले नाही. तो मुलगा गुणी आहे, काळजीचे काही कारण नाही, असे घरात सर्वजण म्हणतात, आणि तसेच असेल. तरीही येत्या रविवारी दुकान बंद असते, तेव्हा मी त्याला एकट्यालाच घरी जेवायला बोलावले आहे. सूर्यास्तापूर्वी जेवून घेऊ. नंतर बसायला पुष्कळ वेळ असेल.