जुन्या हातपंचाला जोड शोधताना

खंडेनवमीला बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या वर्कशॉपांमध्ये हत्यारे धुऊनपुसून ओळीने मांडली जातात. लेथला हार पडतो, वेल्डिंग मशीनला हळदकुंकू लागते. काटेवाडी, सणसर, भवानीनगर हा सगळा उसाचा पट्टा. त्यामुळे ट्रेलरचे फाळके, गोठ्यांचे पत्रे, धान्याच्या कोठ्या अशी पत्राकामे इथे बारमाही चालतात. या मांडणीत कधी कधी एक जुने हत्यार दिसते. पत्र्याला भोक पाडणारा हातपंच. सांगाडा घडीव पोलादाचा, दांडा वापरून गुळगुळीत झालेला, शरीर ठणठणीत; पण पंचाच्या टोकाचा टवका उडालेला किंवा खालची डाय हरवलेली. बोटाच्या पेराएवढा तुकडा मिळत नाही, म्हणून चांगले हत्यार वर्षानुवर्षे फळीवर पडून राहते आणि शेवटी भंगारात किलोच्या भावाने जाते.

हे नुकसान टाळता येते. त्यासाठी कंपनीचे नाव शोधत बसण्यापेक्षा मापे घ्यायला हवीत.

ड्रिल मशीन घरोघरी पोचले तरी हातपंचाचे काम संपलेले नाही. पातळ पत्र्यावर ड्रिल चालवले की आरपार होण्याच्या क्षणी ते पत्र्याला पकडते, भोक गोल न राहता तिकोनी होते आणि मागे धारदार बर उरते. शिवाय पत्रा सुटून गरागरा फिरला तर हात कापतो. हातपंच एका दाबात स्वच्छ गोल भोक पाडतो. त्याला ना वीज लागते, ना वायर. शेडच्या शिडीवर उभे राहून पन्हाळीला रिव्हेटची भोके पाडायची तर त्याच्यासारखे सोयीचे हत्यार नाही.

त्याचे काम साधे आहे. वरचा पंच खाली येतो, पत्रा खालच्या डायच्या भोकात दाबला जातो आणि तेवढी चकती कापून खाली पडते. लागणारा जोर मात्र चकित करणारा असतो. भोकाचा परीघ गुणिले पत्र्याची जाडी, गुणिले धातूची कातरण-ताकद, असा त्याचा हिशेब. 16 गेजचा, म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर जाडीचा साधा पोलादी पत्रा आणि 6 मिलिमीटरचे भोक घेतले, तर कापायचे क्षेत्र 30 चौरस मिलिमीटर होते. साध्या पोलादाला दर चौरस मिलिमीटरला साधारण 35 किलो जोर लागतो. म्हणजे एकूण भार एक टनाच्या वर. माणसाने मुठीत दिलेला तीसेक किलोचा जोर तरफेच्या साखळीतून एवढा वाढतो. स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याला याच्या दीडपट किंवा त्याहूनही जास्त जोर लागतो. डेअरीच्या स्टेनलेस भांड्यावर साध्या पत्र्याचा पंच चालवला की टोक का उडते, ते यावरून समजते.

हातपंचांच्या जगातले एक मोठे नाव अमेरिकेतले आहे. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड शहराशी जोडलेल्या व्हिटनी या नावाचा ‘नंबर 5 ज्युनियर’ हा लहान पंच जगभर गेला. रोपर व्हिटनी या नावाने त्याचे पंच आणि डाय पुढेही मिळत राहिले. त्याच्या नकलाही भरपूर निघाल्या. 3/32 इंचापासून 9/32 इंचापर्यंत सात मापांचे पंच आणि पत्र्याची पेटी, असा तो संच भारतातल्या हार्डवेअरच्या दुकानांतही दिसतो. अडचण इथेच सुरू होते. दोन पंच शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात, पण एकाची डाय दुसऱ्यात दोन आटे जाते आणि अडकते. एकाच्या पंचाचे डोके दुसऱ्याच्या खाचेत खुळखुळते. चित्र पाहून किंवा नाव सांगून मागवलेला भाग बसेलच असे नाही.

म्हणून व्हर्नियर हातात घ्यावा. पंचाची मापे टोकापासून डोक्यापर्यंत क्रमाने टिपावीत : टोकाचा व्यास, दांड्याचा व्यास, एकूण लांबी, डोक्याचा व्यास आणि जाडी, डोक्याखालच्या मानेची रुंदी. डायची मापे वेगळी : बाहेरचा व्यास, उंची, भोकाचा व्यास, आटे आणि आवळण्यासाठीची खाच. भोक वरून मोजावे. खाली ते मुद्दाम मोठे ठेवलेले असते, म्हणजे चकत्या अडकत नाहीत. मूळ भाग हरवला असेल तर सांगाड्यातली रिकामी जागाच मोजावी लागते. पंच पूर्ण खाली आणल्यावर टोक डायमध्ये किंचित शिरेल एवढी लांबी धरावी लागते.

आट्यांपाशी सर्वांत जास्त घोटाळा होतो. भारतात दशमान मापे 1956 च्या कायद्याने आली आणि 1960 च्या दशकात रुळली. त्यामुळे जुन्या हत्यारावर इंची आटे असण्याची शक्यता मोठी. त्यातही ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा कोन 55 अंश, अमेरिकी आणि मेट्रिक आट्यांचा 60 अंश. पाव इंचाच्या व्हिटवर्थ आणि अमेरिकी जाड आट्यांत इंचाला 20 फेरे सारखेच असतात, त्यामुळे एकात दुसरा जातो आणि माणूस फसतो. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे 12 फेरे आणि अमेरिकी जाड आट्याचे 13. तिथे दोन फेऱ्यांतच नट आवळतो. तेव्हा पान्ह्याचा जोर लावला की सांगाड्यातले मूळ आटेच जातात, आणि ते नुकसान भरून काढणे नवी डाय बनवण्यापेक्षा महाग पडते. आटे मोजायची पात्यांची गेज आट्यांच्या खाचांत टेकवून उजेडासमोर धरावी. फट दिसली नाही तरच माप जुळले.

फ्लाय प्रेसचेही असेच आहे. दांड्याच्या टोकाला बिडाचे गोळे, मध्ये चौकोनी आट्यांचा जाड स्क्रू. ही हातप्रेस लहान कारखान्यांत आजही चालते. तिच्या वरखाली होणाऱ्या रॅममध्ये पंचाची दांडी धरणारे भोक जुन्या यंत्रांत अनेकदा 1 इंचाचे, म्हणजे 25.4 मिलिमीटरचे असते. बाजारातली 25 मिलिमीटरची दांडी त्यात बसवली तर 0.4 मिलिमीटर ढिली राहते. नुसता बोल्ट आवळला की ती एका बाजूला ढकलली जाते, पंच डायच्या कडेवर उतरतो आणि दोन्ही जातात. लेथवर नेमक्या मापाची दांडी करून घेणे हाच बरा उपाय.

तयार भाग मिळाला नाही तर बनवून घेता येतो, आणि या भागाला हे काम नवे नाही. इंदापूर तालुक्यात नीरा नदीच्या काठी उद्योगपती वालचंद हिराचंद (1882–1953) यांच्या नावाचे वालचंदनगर उभे आहे. साखर कारखाना आणि उसाच्या मळ्यापासून सुरू झालेली ही वसाहत पुढे साखर कारखान्यांची यंत्रे बनवू लागली, आणि इस्रोच्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या मोटरची आवरणेही तिथे तयार झाली. दर हंगामानंतर साखर कारखान्यात गिरणीचे रोलर लेथवर चढतात, झिजलेल्या खाचा पुन्हा कापल्या जातात, बुश आणि पिना बदलल्या जातात. झिजलेल्या तुकड्यावरून मूळ माप ओळखणारे फिटर आणि टर्नर अशा कामातूनच तयार होतात. बारामती एमआयडीसीतल्या पियाजिओने 1999 मध्ये तीनचाकी आपे बाजारात आणली, तेव्हापासून वाहनांच्या सुट्या भागांचे कामही या भागाच्या ओळखीचे झाले.

लहान पंचासाठी ओएचएनएस हे तेलात कडक होणारे पोलाद सोयीचे. लेथवर आकार द्यायचा, सुमारे 800 अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडवायचे, मग 200 अंशांच्या आसपास पुन्हा तापवून ठिसूळपणा काढायचा. हा दुसरा टप्पा गाळला तर पंच काचेसारखा तडकतो. जास्त उत्पादनासाठी एचसीएचसीआर पोलाद वापरतात. पण त्याला हजार अंशांच्या आसपास नेमके तापवावे लागते, ते साध्या भात्यावर जमत नाही.

पंच आणि डाय यांच्यातली फट ठरवणे हे खरे कसबाचे काम. साध्या पोलादाला दर बाजूला पत्र्याच्या जाडीच्या 5 ते 10 टक्के फट लागते. 18 गेजचा पत्रा 1.2 मिलिमीटरचा असतो; त्यासाठी 6 मिलिमीटरच्या पंचाला डायचे भोक 6.12 ते 6.24 मिलिमीटर ठेवावे लागते. फट कमी पडली तर जोर वाढतो आणि धार लवकर जाते; जास्त झाली तर पत्रा वाकून बर येते. म्हणूनच एकाचा पंच आणि दुसऱ्याची डाय जोडताना दोन्हींवर ‘6’ लिहिलेले आहे एवढ्यावर भागत नाही.

ऑर्डर देण्याआधी आणखी एक तपासणी करायला हवी : जुना पंच तुटला कशाने? पुष्कळदा दोष पंचाचा नसतोच. तरफेची पिन झिजलेली असते, दांडा बाजूला हलतो आणि पंच दर वेळी डायच्या कडेवर आदळतो. अशा सांगाड्यात नवा पंच घातला तर तोही थोड्याच दिवसांत जाईल. आधी पिन बदलावी, भोक लांबट झाले असेल तर बुश घालावा, मग पंचाकडे वळावे.

जुने सुटे भाग शोधणाऱ्यांना पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार ठाऊक असतो. नव्या हत्यारांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी आणि मुंबईतला नागदेवी स्ट्रीट आहे. हातप्रेस पंजाबातल्या लुधियाना-बटाला भागातूनही येतात. अशा बाजारात जाताना मूळ तुकडा आणि मापांचा कागद दोन्ही खिशात असावेत. दुकानदाराचे ‘बसेल, घेऊन जा’ ऐकण्याआधी डोक्याचा व्यास आणि आटे तिथल्या तिथे मोजावेत.

नवी जोडी बसवल्यावर लगेच पत्रा घालू नये. आधी हलक्या हाताने पंच डायमध्ये उतरवून सगळीकडे सारखी फट दिसते का ते पाहावे. मग कागद घालावा. कागद सगळीकडून सारखा कापला गेला तर मध्य साधला. एका बाजूला तंतू राहिले तर डाय सरकवायची गरज आहे. त्यानंतर पातळ पत्रा घ्यावा आणि पडलेली चकती बोटात धरून कड पाहावी. कडेवर चकचकीत पट्टा सर्व बाजूंनी सारख्या रुंदीचा आणि उरलेला भाग खरबरीत दिसला तर जोडी जुळली. पट्टा एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद असेल तर पंच अजून तिरका उतरतो आहे. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण कडक पोलादाचा उडालेला टवका डोळ्यात गेला तर तो काढायला दवाखानाच गाठावा लागतो.

जोडी जुळली की त्याच मापाचा आणखी एक पंच करून घ्यावा. लेथवर मांडणी झालेली असते, त्यामुळे दुसरा नग स्वस्तात पडतो. मापांचे चित्र, आट्यांचा प्रकार, पोलादाचे नाव आणि पत्र्याची कमाल जाडी एका कागदावर लिहून तो कागद हत्याराच्याच पेटीत, तेल लावलेल्या जास्तीच्या पंचाशेजारी ठेवावा.