गांधीलमाशीचे कागदी घर

लामता येथील आमच्या धान्याच्या वखारीत वळचणीस गांधीलमाशीचे पोळे दिसले की, सायंकाळी पलिता धरून ते जाळावयाचे, असा आमचा परिपाठ होता. एके वर्षी तो पलिता बारदानावर पडला. आग वेळीच विझली, परंतु हमालास माश्या डसल्या आणि पुढील वर्षी त्याच वाशावर नवे पोळे लोंबू लागले! हा जीव कोण व कोठला, याची चौकशी आम्ही केली. तिचे सार व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

ही माशी कागद करणारी होय. उन्हापावसाने करडे पडलेले लाकूड जबड्याने खरवडून, त्यात लाळ मिसळून ती लगदा बनविते व षट्कोनी घरे रचते. एका देठाने टांगलेले हे पोळे खालून उघडे असते. देठास ती मुंग्यांना दूर ठेवणारा स्राव फासते. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी या माश्यांचे काम पाहूनच, लाकडापासून कागद होऊ शकेल, असे १७१९ साली सुचविले होते.

पोलिस्टिस या प्रजातीच्या दोनशेहून अधिक जाती अंटार्क्टिकाखेरीज सर्व खंडांत आढळतात. थंड युरोपात शरद ऋतूत पोळे ओस पडते व केवळ फलित माद्या फटींत हिवाळा काढतात. आपल्या द्वीपकल्पात मात्र निराळा प्रकार आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गडगकर यांनी अनेक दशके अभ्यासिलेली रॉपॅलिडिया मार्जिनाटा ही जाती वर्षभर पोळी बांधते; एक राणी गेली की कामकऱ्यांतीलच दुसरी तिची जागा घेते. अर्थात, थंडीने पीडा टळेल हा भरवसा येथे नाही, आणि जाळण्यानेही ती टळत नाही.

शिवाय ही माशी सुरवंट मारून आपल्या अळ्यांस भरविते, हा शेतावर उपकारच आहे.

म्हणून आम्ही आता वाशांस रंग देतो, फटी बुजवितो, झरोक्यांस जाळी लावतो. भरले पोळे असल्यास थप्पी दूर लावून हमालांस आधी सूचना देतो. मधमाशीप्रमाणे हिची नांगी तुटून राहत नाही. ती पुन्हा पुन्हा डसते. दंशानंतर श्वास कोंडल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

चतुरिंद्रिय जीवाची हिंसा टळली, हमाल सुरक्षित राहिला व वखारही वाचली. याहून किफायतीचा सौदा कोणता?