बधिर पायांचा दाह

पानिपत मराठी वाचकास १७६१च्या जानेवारीमुळे ठाऊक. परंतु आजचे हे शहर ज्या कांबळी-चादरींच्या धंद्यावर जगते, त्या चादरीची नुसती कडा अंगाला लागली तरी कळवळणारी माणसे मज्जारज्जूला इजा झालेल्यांत असतात, ही हकीकत फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. संवेदनेचा मुलूख जेथे संपतो त्या सरहद्दीवर, छातीभोवती वा कमरेभोवती, पट्टा आवळल्यासारखी वेदना असते. आणि सरहद्दीखाली, जेथे सुई टोचलेलीही समजत नाही, तेथे पाय रात्रभर जळत राहतात.

चिमट्याला दाद न देणारा पाय दुखतो कसा, असा सवाल घरची माणसे करतात. वस्तुतः दुखण्याचा उगम पायात नसतोच. खालून येणारी वार्ता तुटली म्हणजे मज्जारज्जूतील व मेंदूतील चेतापेशी आपण होऊनच संदेश धाडू लागतात आणि मेंदू ते पायाच्या खाती जमा करतो. मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या रुग्णांच्या अशा वेदनेचा विचार करून रोनाल्ड मेलझॅक व जॉन लोझर यांनी १९७८ साली तिचे मूळ इजेच्या वर, मेंदूपर्यंतच्या मार्गात शोधले. तेव्हा रुग्णावर ढोंगाचा आळ घेणे हे निव्वळ अज्ञान होय.

अशा रुग्णांतले पराक्रमी तेवढे आपल्या ध्यानी राहतात. १९६५च्या युद्धात जायबंदी झालेले पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९७२त हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. १९६५ सालीच एव्हरेस्ट चढून आलेले मेजर अहलुवालिया यांच्या कण्यात त्याच १९६५च्या युद्धात गोळी शिरली, आणि पुढे त्यांनी दिल्लीत वसंत कुंज येथे मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी इस्पितळ उभारले. पराक्रमाची दप्तरे आपण हौसेने जपतो. पदकवाल्यांना रात्री झोप लागते का, हे मात्र विचारीत नाही.

साध्या वेदनाशामक गोळ्या येथे बहुधा लागू पडत नाहीत. गाबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन यांनी वेदना कमी होते, सहसा समूळ जात नाही. ती एकाएकी वाढली, तर मूत्राशय तुंबले आहे काय, मलावरोध आहे काय, पाठीखाली व्रण पडला आहे काय, हे आधी पाहावे. आणि पानिपतच्या पौषातल्या थंडीत, पाय गारठल्यासारखे वाटतात म्हणून गरम पाण्याची पिशवी बधिर पायांशी कदापि ठेवू नये: कातडी भाजून फोड आले तरी रुग्णास त्याची वर्दी पोहोचत नाही.